किर्ता येथील जप्तीची याद व आद्य ख्रिस्ती समाजांतील दानधर्म

१

बखरकारानें केलेलें आपल्या धन्याच्या दातृत्वाचें वर्णन आणि त्याच धन्याच्या दप्तरांतील खर्चाची याद, हीं दोन्हीं समोर आलीं असतां कोणावर अधिक भिस्त ठेवावी, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. बखर सर्वथा खोटी असते असें नाहीं. परंतु तिच्यांतील विधानास कागदाचा आधार मिळेपर्यंत तें निम्मेंच सिद्ध झालें, असें आपण समजतों. हाच न्याय परदेशच्या इतिहासासही लावणें उचित होय.

आद्य ख्रिस्ती समाज गोरगरिबांविषयीं फार उदार होता, असें ख्रिस्ती ग्रंथकारांनीं पहिल्यापासून लिहून ठेविलें आहे. हें लिखाण स्वपक्षाचें मंडन करणारांचें असल्यामुळें तें कितपत प्रमाण मानावें, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. धर्मग्रंथांत आज्ञा असणें ही एक गोष्ट आणि त्या आज्ञेप्रमाणें गांवोगांव आचरण घडणें ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरी गृहीत धरतां येत नाहीं. सुदैवानें या प्रश्नाच्या निर्णयास साह्य करणारी एक याद उपलब्ध आहे. ती कोणा ख्रिस्ती माणसानें लिहिलेली नसून, ख्रिस्ती धर्म मोडून काढण्याकरितां आलेल्या सरकारी अंमलदाराच्या कारकुनांनीं लिहिलेली आहे. तिचा परिचय करून देणें आणि तिच्यावरून काय सिद्ध होतें हें पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२

प्रथम आज्ञा काय होती तें पाहूं. यहुदी लोकांच्या नियमशास्त्रांत गरिबांचा वांटा ठरवून दिलेला होता. शेताची कापणी करतांना कडेचें पीक अगदीं शेवटपर्यंत कापूं नये, मागें राहिलेला सरवा वेंचूं नये, द्राक्षमळ्यांत गळलेलीं फळें गोळा करूं नयेत. तें सर्व गरीब व परदेशी यांच्याकरितां सोडून द्यावें, असें ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत सांगितलें आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायांत पोरकीं मुलें व विधवा यांचाही उल्लेख येतो. म्हणजे हें दान धन्याच्या लहरीवर सोडलेलें नव्हतें. शेताच्या कडेवर गरिबाचा हक्क मानलेला होता.

ख्रिस्ती समाज मुख्यतः शहरांतून वाढला. तेथें शेत नाहीं व बांधही नाहीं. तेव्हां हाच वांटा पैशाच्या व वस्तूंच्या रूपानें काढण्याची वहिवाट पडली. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायांत असें आहे कीं, यरुशलेम येथील रोजच्या वांटपांत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते अशी तक्रार उठली, तेव्हां त्या कामावर सात माणसें नेमण्यांत आलीं. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, आणि जमलेली रक्कम पोंचविणारीं माणसें करिंथकरांनींच पसंत करावीं, असें सांगितलें आहे. दुसऱ्या पत्रांत, एवढ्या रकमेच्या व्यवस्थेवरून आपणांस कोणी बोल लावूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला मनुष्य बरोबर घेतल्याचें तो नमूद करतो. तीमथ्याच्या नांवें असलेल्या पहिल्या पत्रांत तर विधवेचें नांव यादींत घालण्यास वयाची ६० वर्षांची अट आहे. आणि ज्या विधवेस आप्त आहेत तिचा भार आप्तांनींच वाहावा, म्हणजे मंडळीस खऱ्या निराधार स्त्रियांकडे पाहतां येईल, असें कारणही दिलेलें आहे.

या वचनांत नुसता कनवाळूपणा नाहीं. नियमित वर्गणी, ऐपतीप्रमाणें वांटा, विश्वासू हात, आणि घेणारांची याद, हीं चार अंगें त्यांत स्पष्ट दिसतात. दयेस हिशेबाची जोड दिली पाहिजे, हा त्यांतील मुख्य विचार होय. आणि जेथें हिशेब आहे तेथें कागद निर्माण होतो, म्हणूनच हा विषय आपल्यासारख्या कागद धुंडाळणारांच्या कक्षेंत येतो.

३

आतां ग्रंथकारांची साक्ष घेऊं. रोम येथें इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन यानें बादशहास उद्देशून ख्रिस्ती लोकांची कैफियत लिहिली. तींत तो सांगतो कीं, रविवारच्या सभेंत ज्यांस ऐपत व इच्छा असेल ते आपल्या मर्जीप्रमाणें देतात, जमलेलें द्रव्य सभेच्या अध्यक्षाजवळ ठेवितात, आणि तो त्यांतून पोरकीं मुलें, विधवा, आजारी, बंदीवान व वाटसरू यांची तरतूद करतो. आफ्रिकेंतील कार्थेज नगराचा टर्टुलियन यानें इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या कैफियतींत एका पेटीचा उल्लेख आहे. महिन्यांतून एक दिवस जो तो स्वखुषीनें तींत कांहीं टाकतो. तें द्रव्य गरिबांस जेवूं घालण्यास व त्यांस मूठमाती देण्यास, आईबापांवेगळ्या मुलांस, वृद्ध नोकरांस, गलबत फुटून निराधार झालेल्यांस, आणि धर्माकरितां खाणींत किंवा बंदींत पडलेल्यांस लागतें, असें तो म्हणतो.

आंकडा देणारे आधारही दोन आहेत. रोमचा बिशप कॉर्नेलियस यानें इ. स. २५१ च्या सुमारास लिहिलेलें एक पत्र युसेबियसाच्या इतिहासांत उतरलें आहे. त्यांत त्या नगरींतील मंडळीच्या आश्रयानें राहणाऱ्या विधवा व गरजू लोकांची संख्या १५०० हून अधिक दिली आहे. त्यानंतर दोनतीन वर्षांनीं कार्थेजचा बिशप सिप्रियन यानें नुमिदिया प्रांतांतील बिशपांस १,००,००० सेस्टर्स पाठविले. लुटारूंनीं धरून नेलेल्या ख्रिस्ती लोकांस सोडविण्याकरितां ही रक्कम होती, आणि देणारांच्या नांवांची याद त्यानें पत्रासोबत जोडली होती. पत्र उरलें; याद मात्र आज त्याच्यासोबत नाहीं. संग्रहकर्त्यांस हा अनुभव नवा नसावा. रक्षण करण्याजोगें म्हणून पत्र नकलून घेतलें जातें आणि यादीस नकलकार फांटा देतो.

पक्षाबाहेरची साक्षही आहे. लुसियन नांवाच्या ग्रीक लेखकानें पेरेग्रिनस याची टवाळी करण्याकरितां, तो इ. स. १६५ मध्यें मेल्यावर, एक प्रकरण लिहिलें. हा पेरेग्रिनस कांहीं काळ ख्रिस्ती होऊन तुरुंगांत पडला असतां पहाटेपासून वृद्ध विधवा व पोरकीं मुलें तुरुंगाच्या दाराशीं बसलेलीं दिसत, आणि ख्रिस्ती लोक त्यास जेवण व पैसा पुरवीत, असें त्यांत आहे. लुसियनास हा सारा भोळेपणा वाटतो. म्हणूनच त्याचें म्हणणें उपयुक्त आहे. बादशहा ज्युलियन याचें इ. स. ३६२ च्या सुमाराचें म्हणून एक प्रसिद्ध पत्र या विषयांत नेहमीं पुढें करण्यांत येतें. ख्रिस्ती लोक आपल्या गरिबांबरोबर इतरांच्या गरिबांसही पोसतात, ही आपणांस लाजिरवाणी गोष्ट आहे, असा त्यांतील आशय आहे. परंतु त्याच्या अस्सलपणाविषयीं अलीकडे शंका घेण्यांत आली असल्यामुळें आम्ही त्याजवर भार टाकीत नाहीं.

४

येथवरचे सर्व आधार ग्रंथांतले आहेत. आतां कागदाकडे वळूं. इ. स. ३०३ च्या फेब्रुवारींत बादशहा डायोक्लीशियन यानें ख्रिस्ती मंदिरें पाडावीं व त्यांचीं शास्त्रें जाळावीं असा हुकूम काढला. त्याची अंमलबजावणी उत्तर आफ्रिकेंतील नुमिदिया प्रांताच्या किर्ता नगरांत १९ मे ३०३ रोजीं झाली. हेंच नगर पुढें बादशहा कॉन्स्टंटाइन याच्या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. तें आज अल्जीरिया देशांत मोडतें. नगराचा कारभारी मुनाशियस फेलिक्स हा आपले कारकून घेऊन ख्रिस्ती लोक ज्या घरांत जमत तेथें आला. बिशप पौलस आसनावर बसलेला होता, याजक त्याच्या बाजूस होते, आणि डीकन व उपडीकन घरांतील वस्तु बाहेर आणून मांडीत होते. थडगीं खणणारे लोकही तेथें हजर होते व त्यांचीं नांवें टिपणांत आहेत. कारभाऱ्यानें शास्त्रें मागितलीं. तीं शास्त्रवाचकांपाशीं आहेत, येथें जें आहे तें देतों, असें बिशपानें उत्तर दिलें. मग पुढील याद झाली :

सोन्याचे पेले … २
रुप्याचे पेले … ६
रुप्याचे चंबू … ६
रुप्याचें लहान पातेलें … १
रुप्याचे दिवे … ७
मेणबत्त्या लावण्याचीं उभीं घरें … २
कांशाच्या ठेंगण्या समया, दिव्यांसह … ७
कांशाचे दिवे, सांखळ्यांसह … ११
स्त्रियांचे अंगरखे … ८२
स्त्रियांच्या मस्तकावरील ओढण्या … ३८
पुरुषांचे अंगरखे … १६
पुरुषांचे जोडे, जोड … १३
स्त्रियांचे जोडे, जोड … ४७

शेवटीं खेडवळ वापराच्या वस्तूंची आणखी एक बाब आहे. तींतील शब्दाच्या अर्थाविषयीं मतभेद असल्यामुळें आम्हीं ती गणनेंत धरिली नाहीं. यानंतर ग्रंथालयाची झडती झाली, तेथें कपाटें रिकामीं निघालीं. भोजनाच्या दालनांत मोठे रांजण ४ व लहान रांजण ६ मिळाले. नंतर अंमलदार शास्त्रवाचकांच्या घरोघर फिरले आणि तेथून तीसांच्या वर पुस्तकें निघालीं. एका घरीं नवरा सांपडला नाहीं, तेव्हां बायकोनें ६ पुस्तकें आणून दिलीं.

५

हा मूळ कागद नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. त्या दिवशींचें टिपण डिसेंबर ३२० मध्यें झेनोफिलस या प्रांताधिकाऱ्यापुढें चाललेल्या एका चौकशींत पुराव्यादाखल वाचण्यांत आलें. त्या चौकशीचा वृत्तान्त मिलेव्ह येथील बिशप ऑप्टेटस याच्या ग्रंथास जोडलेल्या कागदपत्रांत राहिला. आणि तो आपणांपर्यंत आला तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील अकराव्या शतकाच्या एका हस्तलिखितामुळें. त्याचा शेवट तुटलेला आहे. १८९३ सालीं व्हिएन्ना येथें त्याची संशोधित आवृत्ति निघाली. अर्थात् ही नकलेची नकल आहे.

असें असतां ती विश्वसनीय कां मानावी? ३२० च्या चौकशींतील वादाचा विषय, ३०३ सालीं शास्त्रें शत्रूच्या हवालीं कोणीं केलीं, हा होता. त्या वादांत पुस्तकें व रुप्याचीं भांडीं यांच्याविषयीं खोटें घालण्यास कोणास तरी कारण होतें. परंतु बायकांच्या जोड्यांचा आंकडा ४७ असो वा ७, त्यांत कोणत्याच पक्षाचा लाभ वा तोटा नव्हता. ज्या बाबीकडे वादी, प्रतिवादी व न्यायाधीश या तिघांचेंही लक्ष नव्हतें, तीच बाब आपल्या कामाची असल्यामुळें तिच्यावर संशय घेण्यास जागा उरत नाहीं.

६

आतां अर्थाचा विचार. बिशपाच्या हाताखालीं एकंदर ९८ अंगरखे व ६० जोड जोडे कशाकरितां होते? ते मंडळीच्या सेवकांचे असावेत असें म्हणावें, तर सेवक पुरुष होते, आणि अंगरख्यांपैकीं ८२ स्त्रियांचे आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं घालण्याचीं हीं वस्त्रें असावींत, असा दुसरा पक्ष संभवतो. परंतु त्या विधीस स्त्रीपुरुष दोघेही येत. स्त्रियांचे अंगरखे पुरुषांच्या पांचपट व जोडे साडेतीनपट कां, याचा उलगडा त्यावरून होत नाहीं, आणि विधीकरितां जोड्यांचा एवढा सांठा लागण्याचें कारणही दिसत नाहीं.

याच्या उलट, हा सांठा गरिबांस देण्याकरितां होता असें मानलें म्हणजे सर्व बाबी जुळतात. मंडळीच्या आश्रितांत विधवांची संख्या मोठी असे, हें कॉर्नेलियसाच्या पत्रावरून दिसतें. विधवा व अंगरखे यांची सांगड तर ‘प्रेषितांचीं कृत्यें’ यांतच आहे : यापो येथील दुर्कस नांवाची स्त्री मेली तेव्हां विधवा रडत उभ्या राहिल्या व तिनें शिवलेले अंगरखे त्यांनीं पेत्रास दाखविले, असें ९ व्या अध्यायांत सांगितलें आहे. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथील पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक लहानशी चिठी अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. संत कॉस्मस याच्या मंदिराचा कारभारी पेत्र यास मंदिरांतर्फे तींत आज्ञा केली आहे कीं, तुजकडे जे अंगरखे आहेत त्यांतून सोफिया नांवाच्या विधवेस एक द्यावा. आणि शेवटीं एकूण नग १ अशी बेरीजही घातली आहे. किर्ता येथील यादींत सांठा दिसतो व घेणारी दिसत नाहीं. इजिप्तच्या चिठींत सांठाही आहे व घेणारीही आहे. दोहोंमध्यें पावणेदोनशें वर्षांचें व शेंकडों कोसांचें अंतर असलें, तरी पद्धति एकच आहे.

थडगीं खणणारांची हजेरीही या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. गरिबांस मूठमाती देण्याकरितां पेटींतील द्रव्य लागतें, असें टर्टुलियनानें त्याच आफ्रिकेंत शंभर वर्षांपूर्वीं लिहिलें होतें. येथें तें काम करणारीं माणसें मंडळीच्या चाकरींत नांवनिशीवार उभीं आहेत. भोजनगृहांतील रांजण अन्नदानाचे असावेत, हा तर्क त्याच ओघानें येतो. पण तो तर्कच होय, कपड्यांइतका त्यास आधार नाहीं.

तेव्हां जस्टिन व टर्टुलियन यांचें लिखाण निव्वळ आत्मस्तुति नव्हे, एवढें या यादीवरून निश्चित होतें. ज्या सरकारानें हा धर्म बुडविण्याकरितां माणसें धाडलीं त्याच्याच कारकुनांनीं, आपण काय लिहीत आहों याची जाणीव नसतां, तें सिद्ध करून ठेविलें आहे. त्या दिवशीं हा माल सरकारी यादीवर चढला. तो ज्यांच्याकरितां ठेवला होता त्या गरीब बायकांचें पुढें काय झालें, हें मात्र कोणीं लिहिलें नाहीं.

७

येथेंच लेख संपविला असतां चित्र एकांगी होईल. ज्या चौकशींत ही याद वाचण्यांत आली, तिचाच उत्तरभाग निराळी हकीकत सांगतो. ३०३ सालीं याद पुरी झाल्यावर रांजणामागें सांपडली म्हणून रुप्याची एक पेटी आणून देणारा सिल्वानस नांवाचा उपडीकन होता. हाच पुढें किर्ताचा बिशप झाला. ३२० मध्यें त्याच्याच हाताखालचा डीकन नुंदिनारियस यानें त्याजवर आरोप केले. शास्त्रें व मंडळीचा माल शत्रूस दिल्याचा एक आरोप होता. एका परटाकडून २० थैल्या नाणें घेऊन त्यास याजक केल्याचा दुसरा होता. तिसरा आमच्या विषयास लागून आहे. लुसिला नांवाच्या एका श्रीमंत स्त्रीनें ४०० थैल्या दिल्या होत्या. त्या बिशपांनीं आपसांत वांटून घेतल्या असें साक्षीदारांनीं सांगितलें. त्या द्रव्यापैकीं लोकांच्या हातीं कांहीं पडलें काय, असें झेनोफिलसानें खोदून विचारलें. कोणास कांहीं मिळालें नाहीं, असें उत्तर आलें.

नुंदिनारियस व सिल्वानस यांचें वैर होतें, म्हणून या साक्षींतील प्रत्येक शब्द खरा धरण्याचें कारण नाहीं. परंतु आरोप खरा असो वा खोटा, त्यावरून एक गोष्ट उघड होते. मंडळीस दिलेल्या द्रव्यांत गरिबांचा वांटा असतो, आणि तो न पोंचणें हा गुन्हा होय, असें वादी, साक्षीदार व न्यायाधीश हे सर्वच गृहीत धरून चालले होते. नियम रूढ असल्याशिवाय त्याचा भंग केल्याचा आरोप करतां येत नाहीं. रकमेच्या व्यवस्थेविषयीं पौलानें जी सावधगिरी घेतली होती ती किती रास्त होती, हेंही येथें कळतें. यादीवांचून दान हें द्रव्य हाताळणाराच्या नीतीवर अवलंबून राहतें, आणि त्याची नीति ढळली कीं गरिबास दाद मागण्यास आधार उरत नाहीं.

८

सारांश, किर्ताच्या एकाच कागदांत एका समाजाचें औदार्य व त्या औदार्याचा अपहार हीं दोन्हीं नोंदलेलीं आहेत. औदार्य खरें होतें, हें कपड्यांच्या व जोड्यांच्या संख्येवरून दिसतें. तें हिशेबाच्या कुंपणावांचून टिकत नाहीं, हें ४०० थैल्यांच्या हकीकतीवरून दिसतें.

संग्रहकर्त्यांस यावरून एक विनंती करावीशी वाटते. सनदा, राजपत्रें व सचित्र पोथ्या यांचें जतन होतें. परंतु देवस्थान, मठ, अन्नछत्र, दर्गा किंवा ख्रिस्ती मंदिर यांच्या दप्तरांतील शिधा, कांबळीं, लुगडीं व प्रेतसंस्काराचा खर्च यांच्या चिठ्या रद्दींत जातात. अमक्या विधवेस एक वस्त्र दिलें, एवढाच मजकूर असलेला चिटोरा हातीं आला, तर तो टाकूं नये. सोफिया नांवाची एक गरीब स्त्री होऊन गेली, हें आज आपणांस कळतें तें केवळ तसल्या एका चिटोऱ्यामुळें. किर्ताच्या ४७ जोडांपैकीं एकाही जोडाच्या धनिणीचें नांव उरलें नाहीं. कारण त्या मंडळीच्या वांटपाच्या चिठ्या कोणीं राखल्या नाहींत.